लोकलवर (आपल्या कॉम्प्युटरवरच्या साइटच्या कॉपीत) केलेले बदल सर्व्हरवर नेताना (ड्रुपल, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर)

अरे, लोकलचा डेटाबेस उचलून लाइव्ह साइटवर टाकायच्या भानगडीत पडू नकोस, लोकांच्या कमेंट्स, ऑर्डर्स सगळं पुसलं जाईल. ड्रुपल ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, फक्त सेटिंग्ज नेण्याची नीट सोय आहे. ॲडमिनमध्ये व्ह्यू (कंटेंटची यादी) बनवलास, ब्लॉक (पानावरचा चौकोन) हलवलास की लोकलवर 'ड्रश सीईएक्स' (ड्रश हे ड्रुपलचं कमांड टूल, सीईएक्स म्हणजे सेटिंग्ज एक्सपोर्ट) मार, त्या सेटिंग्जच्या यामल (साध्या मजकुराच्या) फाइल्स बनतात, त्या गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) कमिट करून पुश कर, मग एसएसएचने (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सुरक्षित सोय) सर्व्हरवर जाऊन आधी डेटाबेसचा बॅकअप घे, गिट पुल कर आणि 'ड्रश सीआयएम' (सेटिंग्ज इम्पोर्ट) मार.

पण सीआयएम काय काय बदलणार याची यादी दाखवतं ना, ती वाचल्याशिवाय यस दाबू नकोस! माझ्या एका क्लायंटने थेट लाइव्हवरच संपर्क फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचं फील्ड वाढवलं होतं, लोकलच्या फाइल्समध्ये ते नव्हतं म्हणून यादीत त्याच्यापुढे डिलीट लिहिलेलं होतं, मी घाईत यस केलं आणि फील्डसकट भरलेले नंबर गेले, बॅकअपमुळे वाचलो.

आणि हो, ब्लॉकची जागा असं करून सर्व्हरवर जाते, कस्टम ब्लॉकमधला मजकूर जात नाही, कारण तो सेटिंग नसून कंटेंट असतो. साइटचा यूयूआयडी (साइटचा स्वतःचा ओळख क्रमांक) दोन्हीकडे सारखा नसेल तर इम्पोर्ट होणारच नाही, म्हणून लोकल कॉपी लाइव्हच्या डेटाबेसवरूनच बनव.