सोयाबीनचे पैसे लॅपटॉपात घालण्याआधी

औसा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डीप लर्निंगच्या (संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याच्या) सरावाच्या नोटबुक (पायथन या संगणकाच्या भाषेतल्या कोडच्या फायली) चालत नाहीत, ग्राफिक्स कार्डवाला लाखाचा लॅपटॉप लागेल, असं ती म्हणते. सोबत एररचा फोटो आहे. ‘सोयाबीनचे पैसे आलेत, पण हरभऱ्याची पेरणी तोंडावर आहे. घ्यावा का?’ असं ते विचारतात.

नमस्कार दादा,

सध्या घेऊ नका. तुम्ही फोटो पाठवला हे फार बरं केलंत. त्यातली शेवटची ओळ आहे ‘नो मॉड्यूल नेम्ड टॉर्च’. म्हणजे नोटबुकला पायटॉर्च हे डीप लर्निंगचं सॉफ्टवेअर सापडत नाही. लाखाच्या लॅपटॉपवरही हीच ओळ आली असती. बहुतेक वेळा असं होतं की लॅपटॉपवर दोन पायथन असतात. पायटॉर्च एकात बसवलेलं असतं आणि नोटबुक दुसऱ्यावर चालत असते. लेकीला सांगा, सरावासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट (पायथनचा स्वतंत्र कप्पा) कर, नोटबुकमध्ये तेच कर्नल (नोटबुक ज्या पायथनवर चालते ते) निवड आणि पायटॉर्च नोटबुकच्याच सेलमधून (कोड लिहायच्या चौकटीतून) बसव. पिप इन्स्टॉल या बसवायच्या आज्ञेच्या आधी टक्क्याचं चिन्ह द्यायचं, म्हणजे ते चालू कर्नलमध्येच बसतं. आवृत्ती फक्त सीपीयूची (ग्राफिक्स कार्ड न लागणारी) घ्यावी, ती डाउनलोडला कितीतरी लहान असते.

एवढ्यावर सुरुवातीचे धडे चालतात. हाताने लिहिलेले अंक ओळखायचा एमनिस्ट या चित्रसंचाचा धडा घ्या. त्यात 70,000 चित्रं आहेत, पण एकेक चित्र 28 बाय 28 ठिपक्यांचं. छोटं मॉडेल (चित्रं ओळखायला शिकणारा प्रोग्राम) साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत शिकतं.

मोठ्या फोटोंचे धडे आले की ग्राफिक्स कार्ड लागतंच, तिथे तिचं म्हणणं खरं आहे. पण ते कार्ड घरातच असलं पाहिजे असं नाही. गूगल कोलॅब या नोटबुक चालवायच्या वेबसाइटवर रनटाइम (मशीनचा प्रकार) बदलून जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डच, निवडला की तो फुकट वापरता येतो, गर्दी असेल तर कधी मिळत नाही एवढंच. कॅगल या तशाच वेबसाइटवर मोबाइल नंबरची पडताळणी केली की आठवड्याला जीपीयूचे साधारण 30 तास मिळतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकणाऱ्या मुलांना तर मी हे आवर्जून सांगतो, कारण डेटासेट (सरावाची चित्रं, माहिती) तिकडच्या मशीनवर उतरतो, तुमच्या रोजच्या डेटा पॅकमधून जात नाही.

लाईटची अडचण मात्र आहे. लाईट गेली, नेट तुटलं की कोलॅबचं सेशन काही वेळाने बंद पडतं आणि तिथल्या फायली पुसल्या जातात. एका मुलाची अख्ख्या रात्रीची मेहनत अशी गेलेली मी पाहिलीये, फार जीवाला लागलं होतं त्याच्या. म्हणून शिकवण्याच्या दर फेरीनंतर मॉडेल गूगल ड्राइव्हवर सेव्ह करायची सवय तिला पहिल्याच दिवसापासून लागू द्या.

खर्च करायचाच तर आहे त्याच लॅपटॉपात रॅम 16 जीबी होते का, ते दुकानात विचारा. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. पुढे चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टला खरंच मशीन लागली तर एनव्हिडियाचं कार्ड बघा, कारण बहुतेक धडे त्याच्या कुडा या सॉफ्टवेअरवर बेतलेले असतात. कार्डाची स्वतःची मेमरी निदान 8 जीबी हवी. 4 जीबीचं कार्ड घालून गेमिंग लॅपटॉप म्हणून विकतात, तो घेऊ नका.

तीच ओळ पुन्हा आली तर फोटो पाठवा. फक्त या वेळी अख्ख्या स्क्रीनचा काढायला सांगा, वर उजव्या कोपऱ्यातलं कर्नलचं नाव दिसेल असा.