ताप उतरला, मग अंगात त्राण का नाही?

मावशी, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय ३६, शाळेत शिकवते. गोकुळाष्टमीच्या सुमारास डेंग्यू झाला. पाच दिवस ॲडमिट होते, प्लेटलेट्स ३८ हजारांवर आल्या होत्या. आता २ लाख ४० हजार आहेत आणि डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल. दोन महिने झाले तरी चौथ्या तासाला खडू जड वाटतो. घरी आले की आडवी होते. मिस्टर म्हणतात, मनावर घेतलंयस. सासूबाई म्हणतात, झोपायची सवय लागली. त्यांना २००६ मध्ये चिकुनगुनिया झाला तेव्हा गुडघे धरलेले असतानाही त्या स्वयंपाक करत होत्या. मागच्या रविवारी बरं वाटलं म्हणून मैत्रिणींबरोबर पांडवलेणी चढून आले, तर पुढचे तीन दिवस रजा टाकावी लागली. केस मूठमूठ गळताहेत. दिवाळी पंधरा दिवसांवर आली. मी खरंच आळशी झालेय का?

मावशी म्हणालीस, म्हणून अगंतुगंच करते.

आळशी बाई पांडवलेणी चढत नाही गं. ती खाली गाड्यावर उसाचा रस पीत थांबते आणि तुमचे फोटो काढते. तू चढलीस, आणि तिथेच चुकलीस.

आधी त्या ‘नॉर्मल’चं बघू. रिपोर्टवर प्लेटलेट्स मोजल्या आहेत, तुझी ताकद नाही. प्लेटलेट्स ताप उतरल्यावर बहुतेकांच्या आठवड्याभरात सावरतात. बाकीचं शरीर तेवढं घाईत नसतं. विषाणूला हटवायला त्याने जी धावपळ केली तिचा शीण मागे राहतो, अंथरुणावर पडून स्नायू झिजतात, तोंडाची चव गेल्यामुळे खाणं अर्ध्यावर आलेलं असतं. डेंग्यू, चिकुनगुनिया, फ्लू, कोविड, कशानंतरही असं होऊ शकतं. बहुतेक जण काही आठवड्यांत उभे राहतात, काहींना महिने लागतात. मनावर घेतल्याने हे होत नाही. उलट, रोज ‘आळशी’ ऐकून मात्र मन खचतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस आजारपणातला नाही, तो बरं वाटलेला रविवार आहे. आपण बायका काय करतो? जरा हुशारी वाटली की साठलेलं सगळं उरकायला घेतो. कपाट, पडदे, वह्या, वर सहल. त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी शरीर वसुलीला येतं. मग दोन-तीन दिवस झोपून काढायचे, पुन्हा बरं वाटलं की पुन्हा धावायचं. या चक्रात दोन महिन्यांचे चार होतात. म्हणून वाईट दिवशी विश्रांती सगळेच घेतात, तू चांगल्या दिवशी हात आखडता घे. झेपेल असं वाटतं त्याच्या अर्धंच कर, आणि दमण्याआधी थांब. शाळेतून आल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं ते ठरवून हो, कोसळून नाही. मोबाईल बाजूला ठेवून. मोबाईल बघत पडणं ही विश्रांती नाही, हे मी स्वतःलाही रोज सांगते.

वर्गात खुर्चीवर बसून शिकव. भाजी बसून चीर. चालायचंच असेल तर तुमच्या जॉगिंग ट्रॅकवर सपाटीला दहा मिनिटं, तेवढंच. किती झेपलं हे त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या सकाळी कळतं. सकाळ बरी गेली आणि असे पाच-सहा दिवस सलग बरे गेले, तर दोन मिनिटं वाढव. नाही गेली, तर कमी कर.

‘ताकदीचं सलाईन’ लावून घे, असं कुणीतरी सांगेलच. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. तेवढी चहातून जाते. किवी आणि ड्रॅगन फ्रूटवरही बराच खर्च झाला असेल, आता तो थांबव. झिजलेले स्नायू भरायला डाळ, अंडी, दही, शेंगदाणे, मोड आलेली मटकी लागते. नाशिककरणीला मटकी खा म्हणून सांगायला नको, फक्त तर्री जरा बेताने.

एकदा डॉक्टरांकडे मात्र परत जा, आणि मिस्टरांना सोबत ने. दोन महिन्यांनंतरही एवढा थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि लिव्हर तपासून घ्यायला हवं; डेंग्यूच्या नावाखाली ॲनिमिया किंवा थायरॉइड लपून राहू शकतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, छातीत धडधड, बसल्याजागी दम लागणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काही असेल तर दिवाळीची वाट बघू नकोस. कशातच मन लागेनासं झालं असेल, तर तेही तिथेच बोल.

सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांना विचार. चिकुनगुनिया हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे, अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. २००६ च्या त्या साथीत मीही सापडले होते; सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे आणि जिना तिरकी होऊन उतरायचे. त्यांना विचार, तेव्हा ओट्याशी उभं राहताना काय व्हायचं? कुणी म्हणालं होतं का, जरा बसा म्हणून? मला वाटतं, कुणीच म्हणालं नसेल. ती जुनी सल तुझ्या झोपण्यावर निघतेय. त्यांना बोलू दे. त्या एकदम विरघळतील असं मी सांगत नाही, पण टोमणा निदान कमी होईल.

मिस्टरांना ‘मला बरं नाही’ असं मोघम सांगू नकोस. ‘संध्याकाळची कणीक आणि मुलांचा अभ्यास महिनाभर तुमच्याकडे’ असं सांग. पुरुषांना काम नेमून दिलं की जमतं, माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

फराळात सोऱ्याला हात लावायचा नाही. चकली, शेव बचत गटाच्या बायकांकडून घे. अगदीच चैन पडत नसेल तर बसून चिवड्याचं खोबरं काप. पडदे होळीला धू.

केसांचं राहिलंच. मोठ्या तापानंतर दीड-दोन महिन्यांनी केस असे गळायला लागतात, काही महिने गळतात आणि बहुतेकींचे परत येतात. महागडी तेलं आणू नकोस, अंबाडा सैल बांध. कपाळाजवळ बारीक ताठ केस उभे राहायला लागले, की ते नवे असतात. तेल लावून चापून बसवू नकोस.