पट काढला तर कराटेवाल्याने काय करायचं? आणि वाचकांचे बाकी प्रश्न

हातात काही नसताना स्वतःला कसं वाचवायचं यावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, त्यातली निम्मी 'सगळ्यात भारी आर्ट कोणती' हीच, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : सर, मी सहा वर्षं कराटे करतोय, ब्राऊन बेल्ट आहे. दिवाळीला मोहोळहून आतेभाऊ आलता, तो तालमीत जातो. गच्चीवर गंमत म्हणून भिडलो तर त्याने दोन सेकंदात पट काढून, म्हणजे पायात घुसून मांड्या धरून, मला आडवा केला आणि वर म्हणतोय, काय बे, एवढाच का तुझा बेल्ट? मग कराटे फालतू आहे का? रोडवरच्या भांडणाला बेस्ट काय? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : कराटे फालतू नाही, पण आतेभावाने तुला पाडलं यात नवल पण काही नाही. तो रोज काय करतो ते बघ की. जोर-बैठका झाल्या की लाल मातीत उतरतो आणि समोरचा त्याला खरंच पाडायला बघत असतो, मान दाबतो, हात झटकतो, पट काढायला गेला की अंग टाकतो, म्हणजे शंभर वेळा डाव फसल्यावर एकदा लागतो आणि तो लागलेला डाव मग कायमचा अंगात बसतो. तुझ्या क्लासात बहुतेक असं होत असणार की पार्टनर एक पाऊल पुढं येतो, पंच मारून हात तसाच धरून उभा राहतो, तू ब्लॉक करतोस, सर छान म्हणतात. असा हात धरून उभा राहणारा माणूस तुला नव्या पेठेत कुठं भेटणार?

जपानच्या जिगोरो कानोंनी १८८२ साली कोडोकान ही ज्युडोची शाळा काढली. ज्यातून ज्युडो निघाला त्या जुन्या जपानी जुजुत्सूतले ठोसे-लाथा, डोळ्यावर जाणं, असले प्रकार त्यांनी रोजच्या झुंजीतून बाजूला काढले. लोक म्हणतात यामुळं ज्युडो मवाळ झाला. मला तर उलटं वाटतं, कारण जे डाव राहिले ते पोरं रोज पूर्ण ताकदीने एकमेकांवर टाकू शकायला लागली आणि समोरचा नको म्हणत असताना त्याला पाडायची सवय त्यांना लागली. डोळ्यात बोट घालायचा डाव कितीही डेंजर असू दे, तो कुणावर खरा करून बघता येत नाही, मग वेळेला तो येणार कुठून?

आता आतेभावाला पण डोक्यावर घेऊन नाचू नको. डोकं खाली घालून पायात घुसणाऱ्याला वर येणारा गुडघा बसतो हे कुस्तीत कळत नाही, कारण तिथं गुडघा मारायची परवानगीच नाही. शिवाय जागा बदलली की खेळ बदलतो, खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनीच ब्राँझ काढलं. तेही मॅट होतं. डांबरी रोडवर गुडघा टेकवून पट काढला तर आधी स्वतःची वाटी फुटायची.

तिसरी गोष्ट सांगतो, १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची, म्हणजे कुठल्याही आर्टवाल्यानं उतरायच्या झुंजीची, पहिली स्पर्धा झाली, तिथं रॉइस ग्रेसी हा साधारण ऐंशी किलोचा सडपातळ माणूस एका रात्रीत तिघांना खाली घेऊन हरवून गेला आणि जगभरच्या कराटे-बॉक्सिंगवाल्यांची झोप उडाली. तेव्हापासून नेटवर सगळे म्हणतात ग्राउंड फाईट शिका. शिका की, नको कोण म्हणतंय, पण तिथं रेफरी होता आणि समोर एकच जण होता. सात रस्त्याला तू एकाला खाली घेऊन बसलास तर त्याचा दोस्त उभा असतोय आणि त्या दोस्ताच्या पायात बूट असतोय. म्हणून जमिनीवरचं शिकायचं ते लवकर उठता यावं म्हणून.

तू कराटे सोडू नको, तुझ्या लाथेची लांबी आतेभावाकडं नाही. फक्त दोन-तीन महिने त्याच्याबरोबर किंवा सोलापुरातल्या एखाद्या तालमीत खडाखडी कर, निकाली कुस्ती नको, नुसती खडाखडी, म्हणजे उभ्या उभ्या हाता-मानेची झटापट. त्याचा हात मानेवर आला की काढायचा, पट आला की कंबर मागं टाकायची. आणि क्लासात सरांना विचार, आपण खरं स्पारिंग कधी करणार. ते टाळाटाळ करायले असतील तर क्लास बदलायचा विचार कर.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. सुटायला साडेआठ होतात, रिक्षापर्यंतचा रोड अंधाराचा. दोन वेळा बाईकवरच्या दोघांनी शेजारी गाडी स्लो करून काहीबाही बोलत पाठलाग केला. कंपनीने एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं होतं, पंधरा डाव शिकवले, आज एकही नीट आठवत नाही. नेमकं काय लक्षात ठेवू? (एक वाचक, विडी घरकुल)

उत्तर : ताई, पंधरा डाव एका दिवसात कुणालाच आठवत नाहीत, तुमचा दोष नाही त्यात. भाकरी थापताना बघून भाकरी येत नाही, तसंच आहे हे. घाबरल्यावर अंगात अ‍ॅड्रिनलिन चढतं, हात थरथरतात, बोटांची बारीक कामं जमत नाहीत, बाजूचं दिसायचं कमी होतं, त्यामुळं 'त्याचा अंगठा असा पकडून मनगट तसं वळवा' हे सगळं त्या क्षणी गायब. मोठ्या हालचालीच तेवढ्या शिल्लक राहतात.

डावाच्या आधीचं मात्र जास्त कामाचं आहे आणि ते ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. बाईक शेजारी स्लो झाली की आहे त्याच दिशेनं भराभर चालायला लागू नका, उलट्या दिशेला वळा, चालत वळायला एक सेकंद लागतो आणि बाईकला वळवून यायला वेळ लागतो. जायचं ते उजेडाकडं, टपरी, पेट्रोल पंप, कुठल्याही कारखान्याचं गेट, जिथं वॉचमन असेल तिथं. नंबर मोठ्यानं वाचा, पाठ व्हावा म्हणून आणि त्याला ऐकू जावा म्हणून पण. मोबाईलचं लॉक काढून नंबर शोधणं त्या वेळी जमत नाही म्हणून पॉवरचं बटण लागोपाठ दाबल्यावर इमर्जन्सी कॉल जायची सेटिंग आजच बघून ठेवा, ११२ लागतो की नाही ते सेटिंगमध्ये दिसतं. उन्हाचा स्कार्फ तोंडाला बांधत असाल तर संध्याकाळी तो गळ्यात लोंबत ठेवू नका, बॅगेत टाका, धरून ओढायला तो फार सोपा पडतो.

माणूस अंगावर आलाच तर दोन्ही हात छातीपुढं उघडे धरा, तळवे त्याच्याकडं. बघणाऱ्याला वाटतं तुम्ही थांब म्हणताय, पण हात आधीच तयार असतात. आणि आवाज काढा, 'ए, लांब हो' असा पोटातून, कारण शांतपणे मिटेल या आशेनं गप्प राहणारं गिऱ्हाईकच असल्या लोकांना हवं असतं.

हाताचे दोनच प्रकार घोटून घ्या. मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं सोडवायचं, तिथं पकड कच्ची असते, पण नुसतं मनगट फिरवून तगडा माणूस सोडत नाही, सगळं अंग वळवून कोपर त्याच्याकडं ढकलत झटका द्यावा लागतो. दुसरं, मूठ न वळता तळहाताच्या खालच्या टणक भागानं हनुवटीखालून वर मारायचं. मुठीनं कवटीवर मारलं तर करंगळीमागचं हाड मोडतं, डॉक्टर लोक त्याला बॉक्सर फ्रॅक्चरच म्हणतात, आणि मोडलेल्या हातानं गेटची कडी पण निघत नाही. शांघायच्या पोलिसात असलेले फेअरबर्न पुढं दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना शिकवायचे, त्यांचा पण भर या तळहातावर होता. मारलं की बघत थांबायचं नाही, पळायचं. मागून कवळ घातली तर पाय फाकवून ढुंगण खाली सोडा, जड व्हा, टाच पायाच्या पंजावर आपटा, चावा. चावणं कुठल्या बेल्टच्या परीक्षेत नसतं, पण चालतं.

हे नवऱ्याबरोबर, बहिणीबरोबर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं करा, आणि समोरच्याला सांगा, सोडू नको, खरं धर. तो हसत हसत सोडत असेल तर तो सराव नाही. उंची कमी आहे म्हणून बिचकू नका, लंडनमध्ये मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांना जुजुत्सू शिकवणाऱ्या एडिथ गॅरुड चार फूट अकरा इंच होत्या, त्यांच्याकडं शिकलेल्या बायका पोलिसांच्या धरपकडीत आपल्या पुढारी बाईंभोवती कडं करून उभ्या राहायच्या.

आणि कंपनीला लेखी द्या, दोघी-तिघींच्या सह्या घेऊन, साडेआठला सुटणाऱ्या बायकांसाठी गाडी पाहिजे म्हणून. ट्रेनिंगचा बॅनर लावून फोटो काढण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, दर तीन महिन्याला ग्रेडिंग, दरवेळी फी, नवा बेल्ट. गॅदरिंगला कौलं फोडून दाखवली. खरंच काही शिकायलीय का पैसे चाललेत? (एक वडील, होटगी रोड)

उत्तर : एक दिवस पूर्ण तास क्लासात बसून बघा. मॅट आहे का, पडायचं शिकवतात का, पोरं पॅड बांधून एकमेकांशी खेळतात का नुसती रांगेत उभी राहून कवायत करतात. रंगीत पट्ट्यांना हजार वर्षांची परंपरा वगैरे काही नाही, दर्जाची पद्धत कानोंनी ज्युडोत आणली, कराटेने तिथून उचलली, आणि लहान लहान टप्प्याला वेगळा रंग ही पद्धत १९३० च्या दशकात पॅरिसला शिकवणाऱ्या कावाइशींनी रूढ केली, विद्यार्थी टिकून राहावेत म्हणून. ते काही वाईट नाही, पोरांना हुरूप येतो. कौलाचं म्हणाल तर कोरडं कौल दोन विटांवर ठेवून मध्ये मारलं की फुटतं, ते उलटं मारत नाही.

बाकी नऊ वर्षांचं लेकरू मोठ्या माणसाला हरवू शकत नाही, कुठलाही बेल्ट असू दे, हे तिला पण माहीत पाहिजे. ओरडणं, पळणं आणि घरी येऊन न लपवता सांगणं, एवढं क्लासात शिकवत असतील तर फी द्या. नसतील तर तुम्ही शिकवा.

प्रश्न : मी मारलं आणि त्याचाच दात पडला तर केस माझ्यावर होते म्हणतात. खरं का? (एक वाचक, भवानी पेठ)

उत्तर : होऊ शकते, म्हणून माहिती पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात स्वतःच्या बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये दिलाय, जुन्या आयपीसीत तो ९६ ते १०६ मध्ये होता. धोका वाटायला रास्त कारण असलं की हक्क सुरू होतो, पहिला फटका खाऊन घ्यावा लागत नाही. दुसऱ्याला वाचवायला पण तो लागू आहे. पण दोन गोष्टी, गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि धोका संपला की हक्क पण संपला. तो खाली पडला, तुम्ही सुटलात, इथपर्यंत बचाव. त्यानंतर 'आता दाखवतोच' म्हणून घातलेली लाथ ही मारामारी आहे आणि आपल्याकडची बरीच भांडणं या शेवटच्या लाथेपायी अंगलट येतात. पोलिसांना बोलवायला वेळ होता आणि तरी तुम्ही भिडलात तर तेही तुमच्या विरुद्ध जातं. झाल्यावर ११२ ला पहिला फोन तुमचा जाऊ द्या, सिव्हिलमध्ये जाऊन स्वतःच्या जखमांची नोंद करून घ्या, खरचटलं असलं तरी. आणि स्वतःचं शूटिंग व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवू नका राव.

प्रश्न : चाकू हिसकावून घ्यायची रील बघितली, घरी प्लॅस्टिकच्या चाकूवर जमायलंय. बरोबर आहे ना? (एक वाचक, कुंभार वेस)

उत्तर : नाही. पार्टनरला पांढरा टी-शर्ट घालायला सांग, त्याच्या हातात स्केचपेन दे, आणि त्याला म्हण की तुला पाहिजे तसा मार, थांबू नको, हात मागं ओढत राहा. एका मिनिटानं आरशात बघ. अमेरिकेतल्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसाने १९८३ ला लिहून ठेवलंय की चाकूवाला २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात तोडतो. पाकीट मागितलं तर पाकीट एका बाजूला लांब फेकायचं, आपण दुसऱ्या बाजूला पळायचं. मोबाईलचे हप्ते बाकी असले तरी.

प्रश्न : वय ६३, मिलमधून रिटायर. पहाटे सिद्धेश्वर तलावाकडं फिरायला जातो. काठी ठेवू का? या वयात शिकण्यासारखं काय आहे? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : काका, काठी ठेवा, कुत्र्यांसाठी तरी लागतेच. शिकायचं म्हणाल तर पडायला शिका. कुणी ढकललं तर त्या धक्क्यानं फारसं काही होत नाही, मागं पडून डोकं फरशीवर आपटतं त्यानं माणूस जातो, आणि तुमच्या-माझ्या वयात ढकलणाऱ्यापेक्षा बाथरूमची ओली फरशीच जास्त वेळा पाडते. ज्युडोत पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत, हेच शिकवतात.

घरी जाड गादी टाका, भिंत आणि पलंगाचा कोपरा लांब पाहिजे. उकिडवं बसा, हनुवटी छातीला चिकटवा, नजर पोटाकडं, आणि हळूच मागं लवंडा. टेकता टेकता दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, गादीवर जोरात आपटायचे. मागं हात टेकवून पडणं अडवायचं नाही, तिथंच मनगट मोडतं. मणक्याचा त्रास असेल, हाडं ठिसूळ सांगितली असतील किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका, आणि पहिले काही दिवस नातवाला शेजारी उभं करा.