पदवीनंतरचे सगळेच शिक्षण पदव्युत्तर नसते

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या नाशिकमध्ये बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्यासमोर बी.एड., विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील एक वर्षाची पदविका आणि एम.एस्सी. असे तीन मार्ग आहेत, असे आपण लिहिले आहे. ‘तिन्ही पदवीनंतरचेच आहेत, तेव्हा कोणताही केला तरी ती पोस्ट ग्रॅज्युएटच होईल ना?’ हा आपला प्रश्न आहे. तसे होणार नाही, आणि निवड करण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्यावा.

पदव्युत्तर ही शिक्षणाची पातळी आहे; प्रवेशासाठी आधी पदवी लागली, एवढ्याने ती पातळी मिळत नाही. बी.एड.ला आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.ला पदवीधरांनाच प्रवेश मिळतो, तरीही या दोन्ही पदव्याच आहेत. त्यांच्यापुढची पातळी म्हणजे एम.एड. आणि एलएल.एम. याचा परिणाम नोकरीत थेट दिसतो. बी.एस्सी., बी.एड. झालेली उमेदवार माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू शकते, मात्र अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे असेल तर बी.एड.सोबत त्या विषयातील एम.एस्सी. लागते. शिक्षकी पेशाकडे तिचा खरोखर ओढा असेल, तर दोन्ही पदव्यांचा विचार आताच करून ठेवावा.

पदविकेचे प्रकरण थोडे नाजूक आहे. ‘पदव्युत्तर पदविका’ या नावात पदव्युत्तर शब्द आहे आणि तो चुकीचाही नाही, परंतु जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी आवश्यक’ असे असेल तेथे केवळ पदविका साधारणपणे चालत नाही. प्राध्यापकपदासाठीच्या नेट आणि सेट या परीक्षांनाही संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवीच धरली जाते. याउलट सातपूर किंवा अंबडच्या औषधनिर्मिती कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करायचे असेल, तर उपकरणे हाताळायला शिकवणारी चांगली पदविका उपयोगी पडते. मात्र शुल्क भरण्यापूर्वी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त विद्यापीठ देणार आहे की खासगी संस्था स्वतःच्या नावाने देणार आहे, याची लेखी खात्री करावी. अशा वर्गांच्या फलकावर ‘पीजी’ ही अक्षरे ठळक असतात, पण कॉलेज रोड परिसरात ती मुलींच्या निवासाच्या पाट्यांवरही असतात. अक्षरांवर विसंबू नये.

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे (2020) आणखी एक घोळ होऊ लागला आहे. चौथ्या वर्षी मिळणारी ऑनर्स पदवी ही पदवीच होय. ती पूर्ण केल्यास पुढची एम.एस्सी. एका वर्षाची असू शकते, तर तीन वर्षांच्या पदवीनंतर ती दोन वर्षांची असते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर थांबल्यास पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरील ‘ग्रॅज्युएट ॲडमिशन्स’ हा विभाग बारावीनंतरच्या मुलांसाठी असावा, असे आपल्याला वाटले. आपण ग्रॅज्युएशन म्हणजे पदवी समजतो, म्हणून ते स्वाभाविक आहे. तेथे मात्र पदवीच्या शिक्षणाला ‘अंडरग्रॅज्युएट’ म्हणतात आणि एम.एस. व पीएच.डी. ही दोन्ही ‘ग्रॅज्युएट स्कूल’मध्ये येतात. ब्रिटनमध्ये त्यालाच ‘पोस्टग्रॅज्युएट’ म्हणतात व त्यात संशोधनही धरतात. आपल्याकडे बोलताना पदव्युत्तर म्हणजे एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी., आणि पीएच.डी.चा उल्लेख वेगळा करण्याची रीत आहे. तेव्हा अमेरिकेतील अर्जासाठी कन्येने ‘ग्रॅज्युएट’ विभागच पाहावा.

नोकरीच्या अर्जात मात्र बी.एड.ची नोंद ‘व्यावसायिक अर्हता’ या रकान्यात करावी आणि एम.एस्सी.चा निकाल हाती येईपर्यंत पदव्युत्तर पदवीचा रकाना रिकामा ठेवावा. कागदपत्रांच्या पडताळणीत तेथे लिहिलेल्या प्रत्येक पदवीचे प्रमाणपत्र मागितले जाते.