जुनी पिकअप घेताना आधी विचारा, ती काय वाहत होती?

मोहोळला किराणा आणि कांद्याचा धंदा आहे, सोलापुरात २०१७ ची पिकअप साडेचार लाखांना सांगतायत, मीटर १ लाख ४० हजार आहे, काय बिघडतं आणि किती पैसे लागतात, असं तुम्ही विचारलंय.

मीटर वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल, मला शंका आली. भाड्याची गाडी आठ वर्षांत एवढीच पळाली म्हणजे दिवसाला पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. सोलापूरहून तुळजापूरला एकदा जाऊन आलं तरी नव्वद होतात. मीटर मागे घेणं अवघड नाही. क्लचच्या पायपट्टीचं रबर, गिअरची मूठ आणि ड्रायव्हरच्या सीटची कड बघा, ती खोटं बोलत नाहीत. पायपट्टी नवी कोरी असेल तर तीही एक साक्षच.

पण किलोमीटरपेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. गाडी काय वाहत होती? हे मी हात पोळून शिकलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला पोचवायचं माझं काम. २०२१ मध्ये २०१६ ची गाडी ३ लाख ७० हजारांना घेतली. मालक म्हणाला, "घरची गाडी आहे, किराणाच वाहिला." महिन्याने हौद्यातला प्लायवूड काढला तर कोपऱ्यात शहाबादी फरशीच्या निळसर कपच्या! फरशी म्हणजे हौदा अर्धा भरलेला दिसतो आणि वजन दुप्पट झालेलं असतं.

गठ्ठे वाहणारी गाडी वरून खरचटलेली असते, पण खालून धडधाकट. दुधाची गाडी भरपूर पळते, पण रोज तोच रस्ता, तेच वजन, त्यामुळे इंजिन बरं निघतं. पाण्याचे जार टाकणाऱ्या गाडीचा क्लच दर गल्लीत दाबला गेलेला असतो आणि हौदा गंजतो. सांगोल्याच्या बाजाराला जनावरं नेणारी असेल तर मॅट उचलून पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, मुताने पत्रा पापडासारखा होतो. फरशी, विटा, वाळूवाली सरळ सोडून द्या. चासीच, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाच, वाकलेली असेल तर पैसे ओतून गाडी सरळ होत नाही.

चासी बघायला गाडीखाली झोपावं लागतं, घरून एखादी जुनी चादर घेऊन जा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) हँगर जिथे चासीला बसतात तिथे दोन्ही बाजूंना बघा. वेल्डिंगचा डाग किंवा तेवढ्याच जागी ताजा काळा रंग दिसला तर उठा आणि घरी या. पाटे मोजा. कंपनीपेक्षा एक पाटा जास्त असेल तर मालकाने कबुलीजबाबच दिलाय समजा. मागून लांब उभं राहून गाडी एका अंगाला झुकलीय का तेही बघा.

इंजिन बघायला सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच सेल्फ मारून ठेवलेला आहे, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन एका सेल्फला लागलं पाहिजे. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते, पण भकाभका धूर येत असेल तर मिस्त्रीच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन-रिंगांचा खेळ संपत आलाय. पूर्ण इंजिनकामाला ८० हजार ते सव्वा लाख धरा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर थोडा काळा निघाला तर घाबरू नका, सारखा निघत असेल तर इंजेक्टर (डिझेल फवारणारी तोटी) किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) बघायला लागेल. कॉमन रेलचा एक इंजेक्टर दुरुस्तीला चार-पाच हजार घेतो, नवा बारा ते पंधरा, आणि असे चार. टर्बो दुरुस्तीला दहाच्या आसपास, नवा पंचवीसपर्यंत.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात रेडिएटर पहिला मार खातो. कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतत राहतात, आत क्षार साचतात आणि घाटात काटा लाल होतो. माझी गाडी तुळजापूरच्या घाटात भर दुपारी उकळली. रेडिएटर गेलाच, वर हेड गॅसकेट उडून ऑइलमध्ये पाणी गेलं. ऑइलची कांडी ओढली तर टोकाला ताक! कांडी आणि झाकण दोन्ही बघायचं ते यासाठीच.

ट्रायल रिकाम्या गाडीवर घेऊ नका. रिकामी पिकअप कुणाचीही चांगलीच पळते. मालकाला म्हणा, दहा-बारा क्विंटल माल टाकून फिरवू. साठच्या वेगाला मागून घूंऽऽ आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की बदलतो का ऐका. येत असेल तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधले दाते, घासलंय. रेस घेताना खट्ट वाजलं तर बहुतेक शाफ्टचा जॉइंट क्रॉस, तो हजारभरात होतो. उभ्या गाडीत हँडब्रेक ओढून तिसरा टाका आणि क्लच हळूच सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट गेली.

माझा पहिल्या वर्षाचा हिशोब वहीतून सांगतो. रेडिएटर ६,५००, हेडचं काम १४,०००, क्लच सेट मजुरीसह ९,५००, पाटे आणि बुश ११,०००, क्राऊन-पिनियन १९,०००, चार टायर २८,८००, बॅटरी ५,८००. झाले ९४,६००. यात गाडी नऊ दिवस गॅरेजला उभी होती त्याचं भाडं धरलेलं नाही. आता पार्ट महागलेत, त्यामुळे तुम्ही लाख-सव्वा लाख बाजूला ठेवूनच सौदा करा. टायर रिमोल्ड (जुन्यावरच नवं रबर चढवलेले) आहेत का आणि बाजूवरच्या चार आकड्यांत कुठला आठवडा, कुठलं वर्ष आहे ते बघा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

तुमची गाडी २०१७ ची, त्यामुळे डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, कटकट नाही. एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ बघायला लागलात तर तेवढं विचारा, नुसती गावात फिरलेली गाडी असेल तर फिल्टर चोंदतो आणि नवा घ्यायचा तर खिसा रिकामा होतो. वायरिंग, लाइट, वायपर यावर वेळ घालवू नका, हजार-दोन हजारांचा खेळ आहे. बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा, दोन्हींचे पार्ट सोलापुरात मिळतात, त्यावरूनही अडून राहू नका.

ज्या मिस्त्रीकडे पुढे गाडी न्यायची आहे त्यालाच बरोबर न्या, पाचशे-हजार देऊन. मालकाच्या ओळखीचा नको.

माझं मत, वरच्या परीक्षेत पास झाली तरी साडेचार जास्त आहेत, पावणेचारच्या वर जाऊ नका. आठ वर्षं झाल्यावर फिटनेस दरवर्षी काढावा लागतो, थर्ड पार्टी विम्याचाच हप्ता सोळा हजारांच्या घरात आहे आणि ग्रीन टॅक्सही लागतो. हे तिन्ही कधीपर्यंत भरलेत ते विचारून भाव पाडा. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो, ई-चलनंही तपासा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत टोकन म्हणून पाच हजारसुद्धा देऊ नका. माझे वीस हजार असेच चार महिने अडकले होते आणि मालक फोन उचलत नव्हता.