कुंडलिकेवर कयाकने पहिल्यांदा उतरताना

तलावात रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं) जमतो, कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टने जाऊन आलात, आता तोच टप्पा कयाकने करायचाय. एवढा रोल पुरेल का, हा तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत: कुंडलिकेवर रोलपेक्षा एडी, म्हणजे खडकामागचं किंवा काठालगतचं संथ, उलटं फिरणारं पाणी, पकडता येणं जास्त गरजेचं आहे.

साजे गावाजवळून सुरू होणारा हा साधारण १२ किलोमीटरचा टप्पा रॅपिडच्या (खळाळत्या उताराच्या) अवघडपणात दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा. लाटा झेपतील. खरा धोका काठाला आहे. सोडलेलं पाणी पात्र भरून वाहतं आणि काठच्या झाडाझुडपांत शिरतं. वळणावर मुख्य धार बाहेरच्या काठाकडे ओढते. फांद्यांतून पाणी निघून जातं, बोट आणि माणूस मात्र अडकतो. तिथे रोल मारायला जागाही नसते. म्हणून वळण दिसताच, धार ओढायच्या आधी, आतल्या बाजूला सरका.

त्यासाठी फेरी, म्हणजे खाली वाहून न जाता धार आडवी ओलांडणं, पक्की हवी. बोटीचं नाक प्रवाहाच्या उलट दिशेला, धारेशी ३०-४५ अंशांचा कोन आणि ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूची कड उचललेली. कोन फार उघडला की नाक खाली फिरतं. एडीत शिरताना बहुतेकांचा वेग कमी पडतो, मग बोट एडी लाइनवरच (धार आणि एडी यांच्यामधल्या रेषेवर) रेंगाळते आणि उलटते. एडीच्या वरच्या टोकाजवळ नेम धरा, जोरात वल्हवत रेषा ओलांडा, अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. पुन्हा धारेत निघताना झुकायचं खाली, प्रवाहाच्या दिशेने. उलट झुकलात तर पाणी कडेवर चढून क्षणात उलटं करतं. खडकावर आडवे आदळलात तर खडकाकडेच झुका. माणूस घाबरून नेमका दुसरीकडे झुकतो.

हे पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातल्या वीजनिर्मितीवर अवलंबून असतं आणि सहसा सकाळी सुटतं. वेळ आदल्या दिवशी स्थानिक राफ्टिंगवाल्यांकडून विचारून घ्या आणि त्यांच्याबरोबरच निघा. मधे जेवणासाठी रेंगाळलात तर पाणी उतरतं, खडक उघडे पडतात. राफ्टला रॅपिडमध्ये थांबता येत नाही. ती येताना दिसली तर एडीत थांबून आधी तिला जाऊ द्या. पहिली खेप जुलै-ऑगस्टमध्ये नको. पावसाचं पाणी वरून मिसळलं की नेहमीच्या एडी पुसल्या जातात.

किमान तिघं असा, त्यातला एक हा टप्पा ओळखणारा. प्रत्येकाकडे १५-२० मीटर दोरीची थ्रो बॅग (पाण्यातल्या माणसाकडे फेकायची दोरीची पिशवी) हवी. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. लाइफ जॅकेट खांद्याशी धरून वर ओढलं तर कानापर्यंत सरकता कामा नये. स्प्रे स्कर्टचा (कयाकची बसायची जागा झाकणाऱ्या आवरणाचा) ओढून काढायचा लूप बाहेर आहे ना, हे निघताना बोटांनी चाचपून बघा. बोटीच्या मागच्या भागात हवा भरलेली एअरबॅग हवीच, नाहीतर पाणी भरलेली बोट काठाला आणणं तिघांनाही जड जातं.

बोटीबाहेर पडलात तर पाठीवर, पाय पुढे आणि पृष्ठभागाशी. गुडघ्याच्या वर पाणी असताना उभं राहू नका, पाऊल खडकात अडकतं. समोर झाड आलं आणि चुकवता येईना, तर मात्र उलट करा: पालथे होऊन डोकं पुढे, जोरात पोहत जा आणि फांदीवर छातीने चढा.