बीपी बॉर्डरवर, आणि फ्रीजर भरून पुरुमेंत

शारजाहून एका वहिनींनी विचारलंय, नवऱ्याचं बीपी 138/88 आलं, डॉक्टर म्हणाले सध्या गोळी नको पण मीठ कमी करा, म्हणून त्यांनी टेबलावरची मिठाची डबी उचलून ठेवली, डाळ अळणी केली आणि आता रोज जेवताना कटकट.

वहिनी, डबी उचललीत ते बरंच केलंत, पण आपल्या गोव्याकडच्या माणसाचं मीठ डबीपेक्षा बॅगेतून जास्त येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून काय काय भरून नेतो आपण? सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), आंब्याचं लोणचं, मिठात चेपलेली तोरं (कोवळ्या कैऱ्या). हे मुळात पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे बेगमी, तेव्हा मासळी मिळायची नाही म्हणून मिठात घालून ठेवायचे. तिथे तुम्हाला बारा महिने ताजी मासळी मिळते तरी पुरुमेंत चालूच, आणि तेही डाळ-भाताच्या मिठावर वरून!

डब्ल्यूएचओ सांगते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात पाव, चीज, फरसाण, लोणचं सगळं आलं. लेबल वाचायची सवय लावा. यूकेत राहणाऱ्यांना सोपं आहे, तिथे थेट मीठच लिहितात, 100 ग्रॅममागे दीड ग्रॅमच्या वर असेल तर जास्त समजायचं. इंडियन किंवा अमेरिकन पाकिटावर मात्र सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणा. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ झालं ना. आणि तो आकडा पूर्ण पाकिटाचा की एका सर्व्हिंगचा तेही बघा, तिथेच बरेच जण फसतात.

किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर) बंद करा असं मी सांगणार नाही, मलाच जमणार नाही ते. पण सुकी मासळी आधी पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, खोबऱ्यात वेगळं मीठ घालू नका आणि त्या दिवशी लोणचं नको. भात-चपातीत मीठ कशाला हवं? आगळात (कोकमाच्या रसात) मीठ असतंच, मग सोलकढीत वरून घालायचं नाही. हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, तिरफळं, चिंच, मिरची सढळ हाताने घाला, मीठ मात्र थोडं थोडं कमी करत जा, एकदम अळणी केलं की घरचे बंड करणारच. तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते.

आणि हो, मिठागराचं मीठ, सैंधव, गुलाबी मीठ, ही सगळी बीपीच्या बाबतीत मीठच, नैसर्गिक म्हणून सूट नाही. दुकानात लो-सोडियम मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून सासूबाई राहायला आल्या की त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या ताटात घालू नका.